बाया आल्यान

"पोर मुतली का?"

गोजरा दारात आली की पहिलं हेच विचारायची. ना बरं आहे का, ना चहा झाला का. माझं डोकंच फिरायचं. मी म्हणायची, "मावशे, दुसरं कायबी नाही का गं विचारायला?" त्यावर ती डोक्यावरची टोपली उतरवायची, सरळ आत येऊन फरशीवर फतकल मारायची आणि म्हणायची, "खाल्ला, पिला, मुतला, का पोर ब्येस. बाकी काय इचारायचा?"

मग तांब्याभर पाणी गटागटा प्यायची, यशीचा गाल ओढायची आणि वालाच्या शेंगांचा वाटा माझ्या ताटलीत टाकायची. आमचा ब्लॉक उभा होता तिथं पूर्वी तिची भाताची खाचरं होती. मला चिडवायचं असलं की म्हणायची, "तू माज्या शेतान रवतंस, मना भाडा दे." मीपण म्हणायची, "घे की, यशीला घेऊन जा भाड्यात."

एकोणऐंशी सालची गोष्ट आहे. वाशीत तेव्हा घरं तयार होती, माणसं यायची होती. आमच्या बिल्डिंगीत सोळा घरं, त्यातल्या तेरांना कुलूप. उरलेल्या तिनातलं एक आमचं, आणि दोनांत ठाण्याला नोकरीला जाणारे सडेफटिंग. ते सकाळी सातला गेले की दिवसभर जिन्यात चिटपाखरू नाही. खिडकीतून बघावं तर खाजण, त्याच्यापलीकडं खाडी, आणि अलीकडं अर्धवट बांधलेल्या भिंती. मी परभणीकडची. आमच्या वस्तीत शिंक आली तरी चार घरांतून विचारणा व्हायची. इथं मी दिवसभर यशीशी बोलायची, आणि यशी दोन वर्षांची. बोलून बोलून किती बोलणार. म्हणून गोजरा कितीही येडंवाकडं बोलली तरी तिची वाट बघायची मी. खोटं कशाला सांगू.

आमचे हे कंपनीत फिटर. गंगाराम त्यांचं नाव. नाव घेतलं म्हणून सासूबाई रागवायच्या, पण त्या तिकडं परभणीला. फेब्रुवारीत त्याच सासूबाई, बायजाबाई, ओट्यावरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. तार आली. हे सोमवारी निघाले, आठ दिवसांची रजा टाकून. जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी एक काम केलं. महिनाभर ट्रंकेत ठेवलेला बाबासाहेबांचा फोटो काढला आणि दारासमोरच्या भिंतीला लावला. मी म्हणलं, "आतल्या खोलीत लावा की." आदल्या वर्षीच मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जाळली होती, माझ्या मनातून ते जात नव्हतं. हे म्हणले, "दुर्गे, इथं आपण स्वतःच्या घरात आहोत. कुणापासून लपवायचं?"

मंगळवारी सकाळी यशी उठली ती चुलीसारखी तापलेली. नाक गळतंय, खोकला, डोळे लाल, आणि कडेवरून खाली उतरायला तयार नाही. मी तिला गोधडीत गुंडाळलं, डोक्याला फडकं बांधलं आणि दवाखान्यात नेलं. नवीनच निघालेला छोटासा दवाखाना होता, सकाळी नऊ ते बारा. डॉक्टरनं आधी गोधडीच काढायला लावली.

"फ्लू आहे," तो म्हणला. "तीन-चार दिवस ताप चढेल, उतरेल. गुंडाळून ठेवू नका, पातळ कपडे घाला, कोमट पाण्यानं अंग पुसा. हे पातळ औषध, झाकणाच्या खुणेएवढंच, सहा-सहा तासांनी. खायला नको म्हणली तर चालेल. प्यायला नको म्हणली तर चालणार नाही. घोट घोट देत राहा." मग चष्मा काढून माझ्याकडं बघत म्हणला, "श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढायला लागल्या, नाहीतर आठ तास लघवी झाली नाही, तर माझी वाट बघू नका. बस पकडा आणि ठाण्याला मोठ्या दवाखान्यात न्या."

आठ तास. ते तेवढं माझ्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलं.

बुधवारी सकाळी जिन्यात गोजराची पावलं वाजली आणि खरं सांगते, मला रडूच आलं. आता कुणीतरी बोलेल, यशीला दोन मिनिटं धरेल, तेवढ्यात मी तोंडावर पाणी मारीन. मी दार उघडलं. गोजरा आली, पण टोपली नव्हती. उंबऱ्याच्या बाहेरच, तीन पायऱ्या खाली, ती थांबली.

"पोर मुतली का?"

"मुतली. पण ताप आलाय गं तिला. आत ये."

तिनं मान उंचावून माझ्या बाजूनं आत बघितलं. "नाय येत," ती म्हणली. "घरान बाया आल्यान."

"पाणी तरी घे."

"नको गो. पानी नको." आणि पदर सावरत ती निघून गेली.

मी दार लावलं आणि मागं वळले, तर समोर फोटो. झालं. मला सगळं कळलं, असं मला वाटलं. रविवारपर्यंत घरात फतकल मारणारी बाई, तांब्यानं पाणी पिणारी बाई. फोटो लागला आणि हिला पाणी नको झालं. म्हणे घरात बाया आल्यात. पाहुण्या बाया आल्या म्हणून कुणी दुसऱ्याच्या घरात पाय ठेवायचं सोडतं का? कारण तरी धड शोधायचं. माझ्या आजीला पाटलाच्या वाड्यावर वरून पाणी ओतायचे, ते मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तशी तापट. दिवसभर यशीचं अंग पुसत होते आणि मनातल्या मनात गोजराला बोलत होते.

गुरुवारी ती परत आली. हातात ॲल्युमिनियमचं पातेलं, वर झाकण. ते तिनं उंबऱ्याबाहेर टेकवलं आणि मागं सरकली.

"पेज हाय. मीठ घातलाय. पोरीला पाज. मी लांब रवतंय, तू उचल." मी पुढं झाले तशी ती आणखी दोन पायऱ्या उतरली. "मना शिवू नको."

शिवू नको. हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रात्रभर डोळा लागला नव्हता, माझंही अंग कसकसत होतं, तोंडात चव नव्हती.

"उचल तुझी पेज," मी म्हणलं. "आम्ही भिकेला नाही लागलो दारात ठेवलेलं खायला. परत माझ्या दारात येऊ नको."

गोजरा जिन्यात तशीच उभी राहिली. तिला काही कळलं नव्हतं, हे मला आज समजतं. तेव्हा वाटलं, चोरी पकडली म्हणून गप्प झाली. जाता जाता खालच्या वळणावरून तिनं विचारलंच, "पोर मुतली का?"

मी धाडकन दार लावलं.

यशी सकाळी सातला मुतली होती, ती शेवटची. साखरपाणी दिलं, थुंकली. दूध दिलं, ओकली. औषध कसंबसं गिळलं. बारा वाजले, दवाखाना बंद झाला. एक वाजला. मी दर दहा मिनिटांनी तिच्या चड्डीला हात लावून बघत होते. कोरडी. दोन वाजता ती रडायचीही थांबली, नुसती पडून राहिली, ओठ सुकलेले. मी तिला म्हणलं, "यशे, आईला हाक मार." तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले.

मला भीती वाटली. अशी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. गॅलरीत जाऊन बघितलं. रस्ता रिकामा, समोरच्या बिल्डिंगीच्या खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. ओरडले असते तरी ऐकायला कोण होतं? एक माणूस होतं, त्याला मीच सकाळी हाकलून दिलं होतं.

तीन वाजले. आठ तास झाले. ठाण्याची बस साडेचारला. स्टॉपपर्यंत पंधरा मिनिटांची चाल. मी पिशवीत दोन कपडे टाकले, औषधाची बाटली घेतली, यशीला खांद्यावर टाकलं आणि दार उघडलं.

पातेलं तिथंच होतं.

बसला अजून दीड तास होता. मी उंबऱ्यातच बसले. झाकण काढलं. पेज गार झालेली, वर पातळ पाणी साचलेलं. मी घरातून चमचा आणला, वरचं पाणी घेतलं आणि यशीच्या ओठाला लावलं. वाटलं, थुंकणार. तिनं जीभ फिरवली. खारट लागलं असणार. मी दुसरा चमचा दिला, तिनं घेतला. तिसरा घेतला. मी घाई केली नाही. एक चमचा, मग शंभर आकडे मोजायचे, मग दुसरा. मोजता मोजता मी गोजराला शिव्या देत होते आणि तिचीच पेज पोरीला पाजत होते. ती पितेय तोवर मला उठवेना, आणि साडेचारची बस आमच्याविना गेली. लांबून तिचा हॉर्न ऐकू आला, आणि वाटलं, मी चूक केली, आता पोर हातची जाते.

ऊन जिन्यावरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा माझी मांडी गरम झाली. आधी कळेना काय झालं. मग साडी भिजली. यशी माझ्या मांडीवर मुतली होती, चांगली भरपूर. मी तशीच ओल्या साडीत बसून रडले, हसले. मग उरलेली पेज खाली गेलेल्या शितांसकट मी स्वतः खाल्ली. तीन दिवसांत माझ्याही पोटात धड काही गेलं नव्हतं.

शुक्रवारी ताप उतरला. शनिवारी यशीनं भाकरीचा तुकडा मागितला. गोजरा आली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, रविवारी नाही. सकाळी जिन्यात काही वाजलं की मी कान द्यायची. वारा असायचा. रागही येत होता, की एवढी कसली अकड. आणि घर असं खायला उठलं होतं की फोटोकडं बघून मी बोलायला लागले.

सोमवारी दाखवायला दवाखान्यात गेले. डॉक्टरनं छाती तपासली, म्हणला, छान आहे. कंपाउंडर वामन गोजराच्याच गावचा, तिच्या शेजारचा. बाटलीला कागद चिकटवत होता. मी आपलं सहज दाखवत विचारलं, "गोजरामावशीकडच्या पाहुण्या गेल्या का?"

"कसल्या पाहुण्या?"

"तीच म्हणली. घरात बाया आल्यात."

वामननं बाटली खाली ठेवली. "बाया म्हणजे गोवर, वहिनी. तिच्या नातवाला गोवर निघालाय. आमच्यात गोवर म्हणत नाहीत, बाया आल्या म्हणतात. बाया घरात असल्या की म्हावरं नाही, फोडणी नाही, विकायला जायचं नाही. आणि लेकरवाल्या घरात पाय टाकायचा नाही, पाणी प्यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्याच्या पोराला बाधू नये म्हणून."

आमच्याकडं गोवरच म्हणतात. बाया म्हणजे बायका, दुसरं काय. टोपली नव्हती. विकायला नाही, नुसतं यशीला बघायला ती बाई दोन वेळा एवढे जिने चढून आली होती. घरात स्वतःचा नातू तापानं फणफणत असताना.

घरी गेले. पातेलं घासलेलंच होतं. रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात गुळाचा खडा ठेवला आणि यशीला कडेवर घेऊन गावात गेले. विचारत विचारत घर सापडलं. दाराला कडुनिंबाची डहाळी बांधली होती. गोजरा पडवीत बसली होती. मला बघून ती उठली आणि हात पुढं केला.

"थितंच थांब. पोरीला घेऊन फुडं येऊ नको."

मी अंगणाच्या कडेला थांबले. आमच्यामध्ये दहा पावलं. पातेलं जमिनीवर ठेवलं आणि मागं सरकले. मागं सरकताना मला लाज वाटली.

"पोर मुतली का?" तिनं विचारलं.

"मुतली. तुझ्याच पेजेनं मुतली." मी म्हणलं. "मावशे, मी चुकले. मला वाटलं पाहुण्या बाया आल्यात. मला वाटलं, आमचा फोटो बघितला म्हणून तू…"

"कंचा फोटू?"

मी मान हलवली. तिनं फोटो बघितलाही नव्हता.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "मी तुना सांगितला, बाया आल्यान," ती म्हणली. "दोनदा आलू तुज्या दारान. तू एकदा इचारला नाय, कोनाला आल्यान."

खरंच होतं. माझ्या एकटेपणाचं मी केवढं कौतुक केलं होतं, आणि तिला एक शब्द विचारला नव्हता. मी यशीला दुसऱ्या कडेवर घेतलं. काय विचारायचं ते मला माहीत होतं, तिनंच शिकवलं होतं.

"मावशे," मी म्हणलं, "पोर मुतला का?"

गोजरानं वळून घरात बघितलं. आतून बारीक कण्हल्याचा आवाज येत होता.

"काल सांजपासना नाय," ती म्हणली.

"डॉक्टरला दाखवलं?"

"बाया घरान असताना दवाखाना नाय करत." हे ती म्हणली, पण माझ्याकडं बघत म्हणली, कुणीतरी तिला खोडून काढावं असं.

"तू नको करू," मी म्हणलं. "मी करते. मी तुमच्यातली नाही, मला चालतं. पेजेचं वरचं पाणी दे त्याला, चमच्यानं. शंभर मोजायचे, मग दुसरा. मी डॉक्टरला घेऊन येते."

साडेअकरा झाले होते, डॉक्टर बारापर्यंत बसायचा. मी यशीला छातीशी धरलं आणि धावत सुटले. मागून गोजराची हाक आली.

"पोरीच्या डोक्यावर पदर घे गो, ऊन लागंल तिला."