दाजींची पँट

"आणि सुई टोचली तर?" शिंप्याने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद खाली ठेवला. यकृताच्या शिरेत गुठळी होऊन त्याचं यकृत निकामी झालं होतं. नवीन बसवून वर्ष झालं, पण पुन्हा गुठळी झाली असती तर सगळं पाण्यात.

"टोचू दे. शिरा मोकळ्या आहेत. रक्तात गुठळ्या करणारी खोट जुन्या यकृताची होती, ती त्याच्याबरोबरच गेली. रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद. बाकीच्या मात्र चुकवायच्या नाहीत."

शिंप्याला रडू आलं. त्या गोळीमुळे टोचलं तर रक्त थांबणार नाही, म्हणून वर्षभर बायकोने कात्री-सुया कपाटात कोंडल्या होत्या. ती शिवायची आणि हा नुसती मापं घेत बसायचा.

यकृताचा तुकडा द्यायला सख्खा भाऊ आणि मोठी बहीण एका पायावर तयार होते. तपासण्या झाल्या, तर दोघांच्याही रक्तात तीच खोट. तेव्हा बहिणीचा नवरा म्हणाला होता, "माझं बघा."

हेच ते दाजी! त्यांच्या लग्नातली पँट शिंप्याने चार बोटं आखूड शिवली होती. त्यांनी अठरा वर्षं ती गोष्ट येईल त्या पाहुण्याला रंगवून सांगितली आणि तयार कपडेच घातले.

दुपारी दुकान झाडून शिंप्याने कात्रीला तेल दिलं. तेवढ्यात दाजी दारात.

"काय मेव्हणे, सुटलात म्हणे?"

"या, दाजी. पहिली पँट तुमची."

"नको रे बाबा. पायमोजे दिसतील."

पण चपला काढून उभे राहिले. टेप कमरेला लावताना सदरा वर सरकला आणि बरगडीखालचा लांब व्रण दिसला. शिंप्याचे हात थांबले.

"पट्टा टोचतो का इथे?"

"बसलं की जरा."

"मग कंबर खाली घेतो, सैल ठेवतो. आणि लांबी?"

दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तूच ठरव."

संध्याकाळी पायाची दुमड घालताना सुई बोटात शिरली. बायको धावत आली. शिंप्याने बोट दाबून धरलं, थोड्या वेळाने सोडलं. रक्त थांबलं होतं.

त्याने बोट पुसलं आणि दुमड उसवली. आखूड झालीच तर सोडता यावी म्हणून आत चार बोटं जादा कापड ठेवून पुन्हा घातली.