दोघांचा रंधा

सगळी गल्ली त्याला गंजू म्हणायची, आणि त्यालाही ते मान्य होतं. उभा जन्म त्यानं बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केली, आणि नोकरी संपल्यावर लोकांनी टाकून दिलेल्या हत्यारांचा गंज काढायचा नाद लावून घेतला. जुन्या बाजारातून करवती यायच्या, बोळक्या तोंडाच्या. पटाश्या यायच्या, मुठी हरवलेल्या. हत्यारांच्या पेट्या यायच्या, कड्या निखळलेल्या, तळाशी कुणाच्या तरी पेन्सिलीचं थोटूक. मागच्या खोलीत बसून कानस, पॉलिश पेपर आणि तेल घेऊन तो त्यांना हळूहळू माणसांत आणायचा.

"या घरात माणसं दोन आणि करवती डझनभर," त्याची बायको म्हणायची. "माझे गुडघे कुरकुरतायत, त्यांनाही लावा की जरा तेल."

"तुझे गुडघे वापरात आहेत. गंज बसून राहिलेल्याला चढतो."

"मग तुमच्या जिभेला या जन्मी चढायचा नाही."

अशाच एका दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. गळ्यात मापाची टेप, बाहीला टाचण्या टोचलेल्या. शिवणाचं काम अर्धं टाकून आली असावी.

"लांब रंधे आहेत म्हणे तुमच्याकडे."

"विकत नाही मी, मावशी."

"विकत कोण मागतंय? बघू तर द्याल?"

तिचा नवरा सुतार होता. दारं करायचा, रुंद, जाड फळ्यांची. तो गेल्यावर ती लेकीकडे राहायला आली, आणि सामान हलवण्याच्या गडबडीत त्याची पेटी भंगारात गेली. तेव्हापासून ती जुन्या सामानाची दुकानं धुंडाळत होती. करवत नको होती तिला, हातोडा नको होता. एकच रंधा हवा होता.

"दोघांचा रंधा तो," ती म्हणाली. "मागून हे धरायचे, पुढून मी ओढायची. रंध्याच्या नाकाशी आडवं आरपार भोक होतं, त्यात दांडकं घालायचं. रुंद फळीवर एकट्या माणसाचा दम निघतो हो. यांचा गडी एकदा न सांगता पळाला. म्हणाले, आजच्या दिवस मशीन सोड, जरा धर. तो आजचा दिवस काही संपलाच नाही."

गंजूनं तिला आत नेलं. फळीवर रंधे ओळीनं कुशीवर निजवलेले होते. ती एकेकाच्या नाकावरून अंगठा फिरवत गेली, तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसा. शेवटचा रंधा काळसर, लांब, आरशासारखा चकचकीत. गंजूच्या हातचं सगळ्यांत देखणं काम. त्याच्यावर तिचा हात थबकला. तिनं तो उचलला, छातीशी धरला, वजन घेतलं. अंगठा नाकाच्या या बाजूनं फिरला, त्या बाजूनं फिरला. गुळगुळीत.

"नाही," ती म्हणाली. "हा नव्हे. याला भोक नाही." रंधा तिनं जपून पुन्हा कुशीवर ठेवला. "त्रास दिला तुम्हाला."

गंजूचा अंगठा आपोआप त्याच जागेवर गेला.

कारण भोक होतं. रंधा आला तेव्हा त्याच्या नाकात आडवं भोक होतं, तेही तिरकं. इंजिनात जन्म घालवलेल्या माणसाला दोघांचा रंधा कुठून ठाऊक असणार? त्याला वाटलं, कुणीतरी खिळ्याला टांगायला पाडलंय. तसल्याच रंगाचं लाकूड मिळेपर्यंत त्यानं बाजार पालथा घातला, गुल्ली घडवली, रेघेला रेघ जुळवली, सरस लावून ठोकली, घासली. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, यात भोक शोधून दाखवा. कुणाला सापडलं नाही. तो खूश व्हायचा. आणि आज जिला सापडायला हवं होतं, तिलाही ते सापडलं नव्हतं.

तो रंध्यावरून फडकं फिरवत राहिला. गप्प राहिलं तर रंधा आपलाच.

दारातून त्याच्या बायकोनं हाक दिली. "अहो, त्या चपला घालतायत."

"मावशी, थांबा!" गंजूच्या तोंडून निघालं. "भोक होतं. मी बुजवलं."

ती वळली. एक पाय चपलेत, एक बाहेर. "कसं होतं?"

"तिरकं. कुण्या अडाण्यानं पाडलं होतं की..." त्यानं जीभ चावली.

ती हसली. हसता हसता भिंतीला टेकली. "त्या अडाण्याशी मी संसार केला, गंजूभाऊ. मशीनवर वाकून वाकून माझा डावा खांदा उतरलाय. दांडकं सरळ घातलं की उजव्या तळव्याला फोड यायचे. म्हणून त्यांनी मुद्दाम तिरकं पाडलं. माझ्या खांद्याच्या मापाचं."

गंजूनं भोकं पाडायचं गिरमिट काढलं. गुल्ली निघता निघेना. सरस त्यानंच लावला होता, आणि चांगला लावला होता. घामानं त्याची मान भिजली.

"मन लावून केलंत ना," बायको म्हणाली, "आता मन लावूनच मोडा." आणि घरातल्या झाडूचा दांडा कापून तिनं आणून दिला. "नवा तुम्ही आणायचा."

दांडकं भोकात बसलं, एका अंगाला उतरतं. टेबलावर फळी आवळली. मावशी पुढे गेली, गंजू मागे. त्यानं जोर लावला. रंधा उसळला, अडला, फळीवर ओरखडा उठला.

"तुम्ही ढकलताय."

"मग काय करू?"

"हे ढकलायचे नाहीत. वाट बघायचे."

त्यानं पुन्हा करून पाहिलं. थांबून पाहिलं, हळू सरकवून पाहिलं. तिनं डोळे मिटून पाहिलं. रंधा यायचा, पण गचके देत, थांब्यावर बस यावी तसा. शेवटी तिनं दांडकं सोडलं. इतकी दारं हिंडून रंधा मिळाला, आणि त्याच्या मागे कुणी नव्हतं.

गंजूनं फळीवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुम्ही मागे या. मी ओढतो. कसं ते दाखवा तरी."

"मी कधी मागे उभी नाही राहिले."

"मी तरी कुठे पुढे राहिलोय?"

ती टेबलाला वळसा घालून मागे आली. रंध्याची मूठ मोठ्या हातानं झिजलेली होती. तिचा हात तिच्यात सैल बसला. गंजूनं पुढून दांडकं धरलं. "ओढू?"

"सांगितल्याशिवाय नाही. हे सांगायचे, मग मी ओढायची."

"काय सांगायचे?"

"ये."

"मग म्हणा."

तिनं श्वास घेतला. "या," ती अदबीनं म्हणाली. रंधा वीतभर सरकला आणि रुतला. पुन्हा "या." पुन्हा रुतला. तो शब्द लांबत होता. आवाज संपेपर्यंत हातातला नेम जात होता.

"पाहुणे बोलावल्यासारखं काय?" दारातून बायको म्हणाली. "ये म्हणा सरळ. झिजत नाहीत ते."

पण मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. इथून दिसत होतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. फळीच्या पलीकडे वाकलेलं माणूस, दोन्ही हात दांडक्यावर, आणि तोंड वर करून एका शब्दाची वाट बघणारं. असं पाहत तिचा नवरा तिला बोलवत आला होता, प्रत्येक फळीवर, प्रत्येक दारासाठी. ये, ये, ये. आणि ती? जेवायला या. जपून जा, लवकर या. दवाखान्यात खाटेला धरून म्हणाली, तेही, घरी या, असंच. बरोबरीचा तो छोटा शब्द तिनं त्याला कधी दिलाच नव्हता.

तिनं नजर उचलली. गंजूवर नाही; त्याच्या खांद्यावरून पलीकडे.

"ये," ती म्हणाली.

रंधा निघाला. त्याच्या तोंडातून लाकडाचा पातळ, अखंड पापुद्रा उठला आणि वळत वळत तिच्या मनगटावर आला. गंजूनं मान खाली घातली. हाक आपल्याला नाही, हे कळलेल्या माणसासारखा तो फळीच्या टोकापर्यंत ओढत गेला, आणि मग रंधा तिच्या हातांकडे परत सारला.

तिनं मूठ धरली, पाय रोवले.

"ये," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. फळी अजून बरीच खडबडीत होती.