चादरीखालचा हात

"सोनबा, चादर नीट ओढ. कोपर दिसतंय," कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडातून ज्योतीराम ओरडला.

"व्हय जी," खुर्चीवरची चादर म्हणाली आणि चादरीवर बसलेला साहेबांचा पांढराशुभ्र कुत्रा जॅक भुंकायचा थांबला.

चिंचवड स्टेशनजवळचा ज्योतीरामचा स्टुडिओ तेव्हा नवा होता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं म्हणून गावची माणसं तिकडे फिरकत नसत. कोणी राम म्हटला, की मात्र आधी फोटोवाल्याला बोलावणं जायचं. जिवंत गिऱ्हाईक म्हणजे पिंपरीच्या नव्या कारखान्यातले साहेब, आणि साहेबांना हौस कुत्र्यांची. कुत्रं काही मेलेल्या माणसासारखं शहाण्यागत बसत नाही. म्हणून साहेबांकडे कुत्री सांभाळणारा कुरुळीचा सोनबा अंगावरून चादर घेऊन खुर्चीत बसायचा आणि जॅकला मांडीवर धरायचा. गळपट्ट्यातला एक हात तेवढा बाहेर राही.

तो हात फोटोत दिसता कामा नये, असं साहेबांनी बजावलं होतं. ज्योतीराम काचेच्या निगेटिव्हवर बारीक कुंचल्याने तांबडा रंग लावायचा. तांबड्यातून उजेड जात नाही; छापलं, की हाताच्या जागी पांढरी लव. माणूस कामाला वाघ. जॅकच्या सहा फोटोंत हाताचा मागमूस नव्हता.

"आला न्हवं बेस?" निघताना सोनबा दर वेळी विचारायचा.

"झकास आला." ज्योतीरामला वाटायचं, हा कुत्र्याचंच विचारतोय.

श्रावणात सोनबा दोन दिवसांच्या तापाने गेला. दहावा उरकला आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुभद्राबाई कुरुळीहून चालत स्टुडिओत आली.

"मालक, धन्याचा फोटू द्या. तेराव्याला फुडं ठिवायचाय."

"त्यांचा फोटो मी काढलाच नाही, बाई."

"असं कसं? सा येळा काढलाय. घरी येऊन सांगायचे, आज बी माजा कुत्र्यासंगं फोटू निघाला म्हून. पोरींना बसून दावायचे. असा धरला हात, असा."

तिने पदरातून हात काढला आणि हवेतला गळपट्टा धरून दाखवला. ज्योतीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा जरा," एवढंच तो म्हणाला.

साहेबांच्या काचेला हात लावला असं कळलं, तर पिंपरीचं गिऱ्हाईक कायमचं तुटणार होतं. तरी त्याने एक काच पाण्यात धरून कापसाने पुसली. तांबडं पाणी मोरीत गेलं. काच वाळून फोटो छापून होईपर्यंत दुपार कलली. सुभद्राबाई भिंतीला टेकून तशीच बसून होती.

"एवढंच आहे, बाई. तोंड चादरीत गेलं."

तिने फोटो दोन्ही हातांत धरला. अंगठ्याशेजारचं बोट आखूड होतं, उसाच्या चरकात सापडलेलं.

"त्येंचंच हाय," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

ज्योतीरामने कात्री उचलली. "कुत्रं कापून टाकतो. नुसता हात ठेवू."

"नगं. ऱ्हाऊ द्या त्येला. हात कशाला धरलाय, ते पोरींना कळाया पायजे."

फोटो पदराखाली झाकून ती भोसरीवरून कुरुळीच्या रस्त्याला लागली. ज्योतीराम आत गेला आणि उरलेल्या पाचही काचा त्याने पाण्यात सोडल्या.