अर्धी भरलेली पिशवी

या, खुर्च्या पुढे ओढा. आज रक्ताची गोष्ट सांगते. घाबरू नका, प्रेमाचीच आहे.

आमच्या शारजाच्या चर्चमध्ये दौलतमामा कीर्तन करतात. मूळचे नगरचे, अजमानच्या एका गोदामात कामाला. त्या शुक्रवारी त्यांनी रक्ताचंच निरूपण घेतलं. जुने लोक वेदीवर रक्त ओतायचे, का? तर रक्त म्हणजे जीव, आणि जीव देवाचा, म्हणून त्याचा त्याला परत. मग प्रभू आला. म्हणाला, आता दुसऱ्याचं नको, माझं घ्या. पहिल्या मंडळीने सुरी खाली ठेवली नि प्याला उचलला.

"सांडलेला थेंब वाया जात नाही!" मामा गायले. आमचे डोळे भरून आले.

मागच्या रांगेत त्यांच्या खोलीतला सोबती बसला होता, रत्नागिरीचा हमदुल्ला. बाहेर पडताना म्हणाला, "दौलतदादा, आमच्यात कुर्बानीचं रक्त अल्लापर्यंत पोचत नाही हां, नियत पोचते."

"मग आपलं भांडण कुठं आहे?"

"आज भाकऱ्या कोण थापणार, यावर! यल्ला, चल."

चारच दिवसांत हमदुल्लाला रक्ताच्या उलट्या झाल्या. गट दुर्मीळ, नेमका मामांचाच. इस्पितळाने मामांना दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायला बोलावलं. मामांनी आदल्या संध्याकाळपासून उपास धरला. एवढं पवित्र दान भरल्या पोटी कसं करायचं?

केरळी सिस्टरने विचारलं, "चाचा, खाना खाया?"

नाही म्हटलं तर परत पाठवतील, म्हणून मामा म्हणाले, "खाया."

पिशवी अर्धी भरली आणि मामांची शुद्ध हरपली.

डोळे उघडले तेव्हा सिस्टर पाणावल्या डोळ्यांनी रागावत होती. "झूठ क्यों बोला, चाचा? आधा बॅग नहीं चलता. फेंकना पड़ेगा."

"आधा तो है ना, सिस्टर? उतनाच लगाव. नाहीतर और निकालो."

"आज नहीं ले सकते."

दुबईहून दुसरी पिशवी निघाली होती. ती पोचायच्या आत हमदुल्ला गेला.

रत्नागिरीहून त्याच्या बायकोचा, हव्वाबीचा फोन आला. "भाऊ, शेवटी तुमचंच रक्त दिलंत ना त्यांना?"

मामांनी डाव्या कोपरावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "दिलं, वहिनी. मी दिलं."

आता प्रभुभोजनाचा प्याला तुमच्यापर्यंत येईल, तेव्हा हमदुल्लाची आठवण काढा. मामा काढतात. प्याला जवळ आला की त्यांचा डावा हात कोपरात आपोआप दुमडतो, आत कापसाचा बोळा धरल्यासारखा.