चाळीस गोनी कच्चं खत

मी मैना, करावे गावची कोळीन. अडीच वर्षं झाली जेलात हाय आनि अजून कच्चीच कैदी हाय, म्हंजे केस चालू, शिक्षा नाय. बाजारात ज्यानं माझी मासळीची पाटी लाथाडली त्याच्या डोक्यात मी किलोचं वजन घातलं. त्याला सतरा टाके पडले, मला हाफ मर्डर लागला. घातलं ते घातलं, मी कधी नाकारलं नाय.

हितं मी खत बनवते. भटारखान्यातली भाजीची देठं, चहाचा चोथा, शिळ्या चपात्या, त्यावर सुका पाला, मग शेनपानी, की परत तेच. चार दिवसांनी अख्खा ढीग फावड्यानं उलटायचा. ढीग आतून असा तापतो की हात ठेववत नाय. तापून थंड झाला की मग त्यात गांडुळं सोडायची. दोन महिने जातात. ज्याला घाई हाय त्यानं या भानगडीत पडू नये.

पहिल्या खेपेला मी शहानपना केला. आमच्यात नारळाच्या मुळाशी कुजकी मासळी घालतात, झाड कसं लगडतं. मला वाटलं, गांडुळांना पन जरा चांगलंचुंगलं मिळू दे. स्टाफच्या मेसमधून सुक्या मासळीच्या डोक्यांचा डबा मागून आनला आनि गांडुळांच्या खड्ड्यात ओतला. सकाळी बघते तर सगळी गांडुळं मेलेली. माझ्यासोबत काम करते ती सुचिता, ऐरोलीच्या आयटी कंपनीत होती, शिकलेली पोरगी, ती हळूच बोलली, "मैनाताई, ती मासळी खारवलेली होती. मीठ लागलं त्यांना." जन्म मिठात गेला आनि मला ते कळू नये? बाकीच्या बाया महिनाभर मला खारी मैना बोलायच्या. मी दोन टाईम जेवले नव्हते. तेव्हापासून मी सुचिताला विचारून विचारून हे काम शिकले, आनि आता नुसतं मुठीत धरून सांगते, पिकलं का नाय.

तर त्या सोमवारी जेलर मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं.

"गुरुवारी मिताली मॅडम येणार आहेत. ऐरोलीच्या सोसायट्यांच्या बागांचं काम बघतात. चाळीस गोण्या तयार ठेव. फोटो निघतील, 'बंदिनींच्या हातचं खत' असं लेबल लागेल."

"मॅडम, ढिगाला सव्वीस दिवस झालेत फक्त. आत अजून आग हाय. झाडाला घातलं तर मुळं जळतील."

"कोण बघायला जातंय? तू कच्ची कैदी आहेस मैना. तुला काम देणं आमच्यावर बंधनकारक नाही, हे माहितीये ना?"

"मी कच्ची, खत पन कच्चं. दोघांना टाईम द्या की जरा."

मॅडम हसल्या नाय. ड्रॉवर उघडून एक कागद काढला. चांगल्या वर्तणुकीचा दाखला, माझ्या नावाचा, टाईप केलेला, फक्त सही बाकी. "शुक्रवारी तुझी जामिनाची सुनावणी आहे. पाहुणे नीट गेले की सही करते," बोलल्या, आनि कागद परत आत ठेवला.

आता खरं सांगते. माझी पोरगी श्रुती नववा महिना पोटात घेऊन घरात बसलेली. तिचा नवरा बोटीवर, घरात दुसरी बाईमानूस नाय. जामिनाचा अर्ज दोनदा फेटाळलेला, आनि वकीलबाई स्पष्ट बोललेली, यावेळी दाखला नसेल तर आशा ठेवू नका. पोरीचं पहिलं बाळंतपन, आनि आय जेलात. मला गुरुवारचं खत दिसत नव्हतं, मला शुक्रवार दिसत होता.

म्हनून बुधवारी मीच भरल्या गोन्या. कोनी माझा हात धरून भरून घेतल्या नाय. सुचिता बोलली, "ताई, हे चुकीचं आहे." मी तिच्यावर खेकसले, "तुला कोन विचारतंय? पोरं झाली की मग शिकव मला." ती दोऱ्या बांधत राहिली. चाळीसच्या चाळीस गोन्या झाल्या. पाठीला गोनीची ऊब लागत होती आनि मला माझी शरम वाटत होती.

गुरुवारी मिताली मॅडम आल्या. वाटलं होतं गॉगलवाली कोनी असेल, फोटो काढेल नि जाईल. पन ही चप्पल चिखलात घालून सरळ ढिगाजवळ आली. सांगायला लागली, निम्म्या गोन्या कोपरखैरन्याच्या एका शाळेला जानार. पोरांनी तेलाच्या डब्यात रोपं लावलीत, पेरू, शेवगा, कढीपत्ता. एकेका डब्यावर एकेका पोराचं नाव हाय.

मग तिनं मला विचारलं, "ताई, खत तयार आहे ना?"

जेलर मॅडम माझ्याकडे बघत होत्या. नुसतं हो बोलायचं होतं. एक अक्षर. मी तोंड उघडलं पन होतं.

पन चाळीस वर्षं मी मासळी विकली. गिऱ्हाईक विचारतं, ताजी हाय का, तेव्हा आमी कोळनी हो नाय बोलत. आमी माशाचे कल्ले उघडून दाखवतो, लाल हायत का काळे, बघ बाई तुझ्या डोळ्यानं. शिळा असला तर शिळ्याचा भाव सांगतो. मी लोकांना शिव्या घातल्या, वजनं घातली, पन कल्ले झाकून मासा कधी विकला नाय. आनि ती पोरं रोपाला पानी घालत बसतील, रोप जळेल, नि कोनीतरी मास्तर बोलेल, चोरांचा माल, असाच असनार. ते मला सोसनार नव्हतं.

मी पुढच्या गोनीची दोरी तोडली आनि बोलले, "हात घाला."

"मैना," जेलर मॅडम बोलल्या.

"घाला हो, कोपरापर्यंत घाला."

तिनं हात घातला नि चटकन बाहेर काढला. गोनीतून वाफ आली, आंबूस वास सुटला.

"हे कच्चं हाय," मी बोलले. "या गोन्या मीच भरल्या, चूक माझी. पाच हफ्ते द्या. मग डोळे झाकून घेऊन जा. आज नेलंत तर तुमची रोपं मरतील आनि आमचं नाव जाईल. कैद्यांना पन नाव असतं."

मिताली मॅडमनी हात पदराला पुसला. "पाच आठवड्यांनी येते," बोलली. एक पन गोनी नेली नाय, फोटो काढला नाय. जेलर मॅडम तडक ऑफिसात गेल्या, माझा दाखला बिनसहीचा ड्रॉवरमधेच राहिला. त्या दिवशी सुचिता आनि मी मिळून चाळीस गोन्या परत ढिगावर ओतल्या. मी तिला सॉरी बोलले. ती बोलली, "फावडं उचला."

शुक्रवारी जेलातच, कोर्ट दिसतं त्या टीव्हीसमोर मला उभं केलं. पडद्यावर जजसाहेबांनी विचारलं, जेलचा वर्तणुकीचा दाखला जोडलाय का? वकीलबाईनं पडद्यातूनच माझ्याकडे बघितलं. मी बोलले, "नाय साहेब." पुढची तारीख पडली, दीड महिन्यानंतरची. बाथरूममधे जाऊन मी रडले, चांगली पोटभर रडले, खोटं कशाला सांगू.

मग फोनचा नंबर लागला. आमाला पाच मिनिटं मिळतात.

"झाला का गं जामीन, आय?" श्रुतीनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. मग तिचा आवाज फुटला. "दोन गोन्या शेनासाठी तू मना एकटं टाकलंस?"

"दोन नाय गं. चाळीस."

ती रडत होती का हसत होती मला कळलं नाय. बोलली, "आय, दवाखान्यात नर्स विचारते, सोबत आई का नाय. मी काय सांगू लोकांना?"

आजपर्यंत ती सांगायची, आय गावाला गेलीय. मीच शिकवलं होतं तिला ते.

"खरं सांग," मी बोलले. "आय जेलात हाय. आनि बाळ आलं की त्याच्या कानात पन सांग, आजी कामावर हाय."

ती काहीतरी बोलली, पन पाच मिनिटं संपली होती.