पन्नास किड्यांची पेटी

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी मी फळीवरची लाकडी पेटी खाली काढली, झाकण उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. आत पन्नास टाचण्या ओळीनं उभ्या होत्या, त्यांच्याखाली माझ्या बारीक अक्षरातली पन्नास लेबलं होती. किडे मात्र नव्हते. कुठं एक पंख, कुठं दोन पाय, आणि त्यावरून निवांत फिरणाऱ्या लाल मुंग्या.

मी परभणीला शेतकी शिकते, तिसऱ्या वर्षाला; दिवाळीसाठी गावी घरी आले होते. कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकानं स्वतः पकडलेले पन्नास किडे पेटीत टाचून न्यायचे असतात. माझे पावसाळाभर जमवलेले होते आणि परीक्षा सोमवारी होती. पेटी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, मग तो विषय पुढच्या वर्षी परत.

मुंग्या लागू नयेत म्हणून पेटीच्या चारी कोपऱ्यांत मी डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. नेमक्या त्याच गायब होत्या. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दिवाळीत नेसलेली चांगली लुगडी माझ्या आईनं, छबुबाईनं, घडी घालून ट्रंकेत ठेवली होती. तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत माझ्या चारही गोळ्या निघाल्या.

"मेलेल्या किड्यांला गोळ्या कशाला लागत्यात?" माय म्हणाली. "माझ्या शालूला कसर लागली असती."

वर पेटी फराळाच्या डब्यांशेजारी ठेवली होती तीही तिनंच. मी खूप बोलले. एवढं बोलायला नको होतं, पण बोलले. मग जेवणावर रुसून बसले.

दुपारी सिरसाळ्याहून अनिलचा फोन आला. तो माझ्या वर्गातला. त्याच्या चुलत भावाची मागच्या वर्षीची पेटी घरी तशीच पडून होती, भरलेली. नुसती लेबलं बदल, असं त्यानं सांगितलं, हॉस्टेलवर कित्येकांचं असंच चालतं. मी विचार करते म्हणाले. खरं सांगायचं तर मनातून मी हो म्हणून मोकळी झाले होते. अडचण एकच होती. आमच्या गवते सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं की लेबल खोटं असेल तर किडा कितीही देखणा असो, तो केरात टाकायचा.

मायनं फोन ऐकला होता. तिनं ट्रंक उघडून चार गोळ्या काढल्या, पेटीच्या कोपऱ्यांत परत ठेवल्या आणि कापूस वेचायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी रानात गेले तर वेचणीच्या बायका माझीच वाट बघत होत्या. मायनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, हाताला जे काही लागेल ते झटकू नका, चिरडू नका, आमच्या दर्शीला पाहिजे. रतनबाईनं तंबाखूची डबी पुढं केली. कुणी बांगड्यांच्या खोक्यात आणलेलं, कुणी पदराच्या गाठीत. लाल ढेकूण, ढालकिडे, रातकिडा, बोंडअळीचा पतंग. कोणता किडा पानाच्या खालून बसतो, कोणता उन्हं चढली की बोंडात शिरतो, हे त्या बायका वेचता वेचता सांगत होत्या. तेच मी एक सत्रभर पुस्तकातून पाठ केलं होतं आणि लेखी पेपरात मला शंभरात बावन्न पडले होते.

खंडोबाचा घोडा, म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा तो हिरवा किडा, तेवढा देवाचा म्हणून कुणी टोचू दिला नाही. रतनबाईनं तो तळहातावर घेऊन मला दाखवला आणि परत कपाशीच्या पळाटीवर सोडून दिला.

शनिवारी माय एक वाळकं लाकूड घेऊन आली. बांधावरच्या बोरीखाली तिला भुसा पडलेला दिसला होता. "भुसा सांडतोय म्हंजी आत कुनीतरी हाय," ती म्हणाली. लाकूड फोडलं तर आतून एक तपकिरी भुंगेरा निघाला, अंगापेक्षा लांब मिशांचा. असला मी फक्त चित्रात पाहिला होता. माझा सगळा राग तिथंच विरघळला.

संध्याकाळी लेबलं लिहायला बसले आणि पेन अडलं. लेबलावर गाव लिहायचं, पीक लिहायचं, तारीख लिहायची आणि पकडणाऱ्याचं नाव लिहायचं. पन्नासांतले एकोणीस किडे या दोन दिवसांत मी स्वतः पकडलेले होते, बाकीचे बायकांचे. खरी नावं लिहिली तर सर एकोणीसच मोजणार.

मायनं विचारलं तसं मी तिला सांगितलं. "मग तुझंच लिही की," ती म्हणाली. "आमच्या नावाला काय करायचंय? वर्ष जाईल तुझं."

मला पुन्हा राग आला, या वेळी कुणावर ते कळेना. पहिलंच लेबल तिच्या भुंगेऱ्याचं घेतलं आणि लिहिलं, छबुबाई अर्जुनराव कोरडे, तेलगाव. तिनं ते लेबल उचललं, उजेडाकडं धरलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. मग म्हणाली, अक्षर लई बारीक काढलंस.

सोमवारी सरांनी भिंग लावून पेटी पाहिली. या रतनबाई कोण, छबुबाई कोण, असं विचारल्यावर मी डांबरगोळ्यांपासून सगळं सांगून टाकलं. सर हसले, पण नियम म्हणजे नियम, गुण एकोणीस किड्यांचेच दिले. मग तोंडी परीक्षा सुरू झाली. हा कुठं बसतो, तो कधी येतो, याला कोण खातं. मी बायकांनी सांगितलेलं सांगत गेले आणि एकही प्रश्न अडला नाही. विषय सुटला.

शेवटी सरांनी त्या भुंगेऱ्यावर बोट ठेवलं. बोरीवरचा असा नमुना विद्यापीठाच्या संग्रहात नव्हता. ठेवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं, लेबल आहे तेच राहील म्हणाले.

मी बाहेर येऊन मायला फोन लावला. पास झाल्याचं सांगितलं, मग भुंगेऱ्याचं. काचेच्या कपाटात राहील, तुझ्या नावासकट, आपण दोघी नसलो तरी राहील.  

मग तिनं विचारलं, "तिथं गोळ्या हायत का?"

आहेत, म्हटलं, भरपूर आहेत. तिचा काही विश्वास बसला नाही. पुढच्या खेपेला मी तिच्या शालूसाठी चार नव्या गोळ्या घेऊन घरी गेले. परत परभणीला निघाले तेव्हा तिनं रुमालाची एक पुरचुंडी हातात दिली, सरांना दे म्हणाली. एसटीत सोडून पाहिली तर आत चार डांबरगोळ्या होत्या, आणि रुमालाला शालूच्या जरीचा एक धागा चिकटलेला होता.