उपाशी माणसाचा रिपोर्ट

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे क्लचमास्तर म्हणत, कारण शिकणाऱ्याच्या कानाशी तो दिवसभर तेवढा एकच शब्द ओरडायचा. वय एकावन्न, पोट डॅशबोर्डच्या दिशेने निघालेलं. दरवर्षी तो रक्त तपासून घ्यायचा आणि चरबीचा आकडा नॉर्मल आला की रिपोर्ट फ्रिजवर चिकटवायचा. तपासणीआधी तो चार दिवस उकडलेल्या भाज्यांवर काढायचा, हे मात्र रिपोर्टात छापून येत नसे.

सासू त्यांच्याकडेच राहायची. वय सदुसष्ट, शाळेतून निवृत्त झालेली खेळाची शिक्षिका, जिभेने फटकळ.

"जावईबापू, हा रिपोर्ट उपाशी माणसाचा आहे," ती म्हणाली. "असा माणूस या घरात मी तरी पाहिलेला नाही."

त्याच सुमारास जवळच्या हॉस्पिटलात एक संशोधन निघालं. जेवणानंतर रक्तात चरबी किती चढते आणि रक्तवाहिन्या किती ताठरतात, हे बघायचं होतं. नाश्ता फुकट म्हणून मास्तर गेला. त्याची फजिती बघायला सासू गेली आणि तिनेही नाव नोंदवून टाकलं.

नाश्ता म्हणजे क्रीम, चॉकलेट आणि तेल घुसळलेला मोठा ग्लास. सासूने नाक दाबून संपवला. मास्तरने विचारलं, "अजून मिळेल?"

चार तासांनी डॉक्टरीणबाईंनी एक सेन्सर त्याच्या मानेला लावला, दुसरा जांघेत. मास्तर छताकडे बघत राहिला.

"नाडीची लाट इथून तिथे किती वेगाने जाते ते मोजतोय," त्या म्हणाल्या. "तुमची फार जोरात जातेय."

"म्हणजे गाडी फास्ट आहे!"

"फास्ट आहे, कारण शॉकॲब्सॉर्बर गेलेत. ताठ नळीत धक्का जिरत नाही, तो थेट पुढे जातो. मग हृदयाला जास्त राबावं लागतं."

मग रक्ताच्या नळ्या यंत्रात फिरवून आणल्या. सासूच्या नळीत वर स्वच्छ पिवळसर पाणी. मास्तरच्या नळीत दूध.

"हे माझं?" मास्तरने नळीकडे बोट दाखवलं.

"तुमचंच. खाल्लेली चरबी रक्तातून जायला पाच-सहा तास लागतात. तुम्ही दर तीन तासांनी खाता. तिला निघायला सवड कधी देता?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच ग्लास होता, पण आदल्या संध्याकाळी तासभर भरभर चालायचं होतं. पावलं मोजायला कमरेला छोटं यंत्र दिलं होतं.

मास्तरने ते हळूच सासूपुढे धरलं. "आई, तुम्ही चालणारच आहात. हेही अडकवा की."

"मला गाडी शिकवणार?"

पाच वर्षं तो हे टाळत होता. पण तासभर चालण्यापेक्षा ते बरं वाटलं. सासूने दोन यंत्रं लावून मैदानाला फेऱ्या मारल्या. मास्तर बाकावर बसून तळलेले शेंगदाणे खात राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नळीत पुन्हा दूध.

"सात हजार पावलं चालूनही काडीचा फरक नाही?" डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुमच्यावर चालण्याचा परिणामच होत नाही, असं लिहावं लागेल."

"मी म्हणतच होतो!" मास्तर खूश.

सासूचा चेहरा मात्र उतरला. ती कुजबुजली, "हे उद्या छापून येईल. तुमच्यासारखे आळशी वाचतील आणि निवांत बसून राहतील. खरं सांगा, नाहीतर मी सांगते."

मास्तरने मान खाली घालून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि दोघांनाही संशोधनातून काढून टाकलं. घरी येऊन सासूने चालायचे बूट कपाटात ठेवून दिले. आपल्या नळीचं कौतुक तिने शेजारणीलाही सांगितलं होतं. मास्तरला पहिल्यांदाच घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. "तुमच्या कागदांत नको, माझ्यापुरतं एकदा मोजाल?"

"या वेळी पाय कोणाचे?"

"माझेच."

तो खरंच चालला, धापा टाकत, दोनदा झाडाला टेकत. सासू पुढे चालत "मागे कोण राहिलं?" असं शाळेतल्यासारखं ओरडत होती.

सकाळी ग्लास, चार तासांनी नळी. दूध होतंच, पण पाणी घातलेलं.

"आणि ताठरपणा?"

"तेवढाच आहे. रक्त एका संध्याकाळच्या चालण्याने ऐकतं, रक्तवाहिन्या नाही. त्यांची वर्षानुवर्षांची नाराजी आहे."

मास्तर चालत राहिला. ताटातलं खाणं कमी झालं असं नाही, पण मधल्या वेळच्या दोन खेपा सुटल्या. सहा महिन्यांनी लाटेचा वेग जरासा उतरला. सासू गाडीच्या परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झाली. हल्ली ती त्याला मैदानापाशी उतरवते आणि गाडी घेऊन एकटीच फिरायला जाते.